वाड्याचं चित्र मेलंय, काय चुकलं सांगा (जलरंग, जुनं नाशिक)

गावातला | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचक होतो, आज धागा काढतोय कारण डोकं फिरलंय.

आमचा जुना वाडा आहे गावात, म्हणजे जुन्या नाशकात, गंगेकडून (म्हणजे आमची गोदावरी) वर चढणाऱ्या एका बोळात. आता तिथे कोणी राहत नाही, खाली एक टेलर होता तोही दिवाळीला गेला. भाऊबंदांचं एकदाचं जमलंय आणि अक्षय्य तृतीया झाली की वाडा उतरवणार. म्हटलं त्याच्या आत एक बरं चित्र करून ठेवावं, जलरंगात. इंटरमिजिएटला बी ग्रेड होती, त्यानंतर पंचवीस वर्षं ब्रश हातात नाही, गेल्या वर्षभरात परत सुरू केलंय.

तर दुपारी जाऊन मोबाईलवर फोटो काढला आणि त्यावरून घरी बसून तीन रविवार घालवले. सगळं काढलंय. कौलं एकूण एक, विटा एकूण एक, गॅलरीच्या कठड्याच्या नक्षीला झिरो नंबरच्या ब्रशने एक अख्खा रविवार. आणि आता भिंतीला टेकवून लांबून बघतो तर चित्र मेलेलं. फ्लॅट स्कीमच्या जाहिरातीत असतं तसं. बायको "छान आहे" म्हणाली, त्या आवाजातच कळलं. आत्याला इंदूरला पाठवलं, ती म्हणाली वरच्या मजल्यावर पाच खिडक्या होत्या, तू चार काढल्यास. झालं.

फोटो आणि चित्र दोन्ही टाकलंय. बिनधास्त बोला.

सिडकोकर | रविवार, रात्री ११:०५

तीन रविवार?? अहो मोबाईलमधे फिल्टर मारा, दोन सेकंदात वॉटरकलर होतं. पाचवी खिडकी पण टाकून देईल.

गावातला | रविवार, रात्री ११:०९

तुमच्यासाठीच वर बिनधास्त लिहिलं होतं वाटतं हाहा

ओला_कागद | सोमवार, सकाळी ७:५०

आधी कागदाचं बोलू. झूम करून बघितलं, आकाशात पन्हाळी पडलीत, कागद फुगलाय. साधा ड्रॉइंगचा कार्ट्रिज कागद आहे ना? त्याच्यावर ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग हात, टिकणारच नाही, पाणी खळग्यात साचतं आणि कडेला रेघ राहते, मग आपण ती रेघ झाकायला परत ब्रश फिरवतो आणि रंग मळतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घ्या आणि जमलं तर शंभर टक्के कॉटनचा. महाग पडतो मान्य आहे, पण २२ बाय ३० इंची फुल शीट आणून चार तुकडे केले की ११ बाय १५ चे चार कागद होतात, पाठीमागची बाजूही वापरता येते. कॉटनच्या कागदावर ओल जास्त वेळ टिकते आणि चुकलं तर ओल्या ब्रशने रंग उचलताही येतो.

आणि कागद पावसाळ्यापूर्वी प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवा. मागच्या वर्षी माझ्या अर्ध्या पॅडचं सायझिंग (कागदाला पाणी लगेच शोषू न देणारी खळ) दमटपणाने गेलं, वॉश मारला की मधेच टिपकागदासारखे ठिपके उमटायचे, मी आठवडाभर रंगाला शिव्या घालत होतो.

मास्तर_निवृत्त | सोमवार, दुपारी १:३०

चित्र नीट पाहिले. मेहनत दिसते. चौतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे, म्हणून थोडे लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, तुमचा बोळ चढाचा आहे, पण चित्रात तो सपाट झाला आहे. जुने नाशिक टेकांवर वसलेले गाव, तिथे सरळ सपाट बोळ शोधून सापडत नाही. तुम्ही खालून वर बघत आहात. वाड्याच्या तुळया, सज्जा, खिडक्यांच्या चौकटी, जोत्याची वरची कड, हे सगळे गवंड्याने पाणसळ लावून आडवे बांधलेले असते, म्हणून त्यांच्या रेषा लांब जाताना तुमच्या नजरेच्या पातळीवरच मिळणार. रस्ता मात्र आडवा नाही, चढता आहे. त्याच्या कडा नजरेच्या पातळीच्या वर जाऊन मिळतात. या दोन्हींच्या मधे सापडते ते जोते. ते पाचरीसारखे दिसले पाहिजे, तुमच्याकडच्या टोकाला उंच आणि वरच्या टोकाला जवळजवळ जमिनीत गेलेले. तुमच्या फोटोत अलीकडे पाच पायऱ्या आहेत आणि पलीकडच्या दाराला एकच. चित्रात तुम्ही दोन्ही रेषा एकाच बिंदूला नेल्या, मग पायऱ्या बसेनात म्हणून पलीकडे तीन काढल्या. बरोबर?

दुसरी गोष्ट, फोटो दुपारी बाराचा. ऊन डोक्यावर. आणि हल्लीचे मोबाईल सावल्या आपणहून उजळ करतात, आकाश आपणहून गडद करतात, म्हणजे जे काही उन्ह-सावलीचे भांडण होते ते मिटवून टाकतात. जलरंगात तर ते भांडणच हवे असते. फोटोवरून करूच नका. तिथे जाऊन बसा.

तिसरी, विटा. यावर मी आत्ता काही बोलत नाही, कारण मी बोललो तर तुम्हाला वाईट वाटेल.

गावातला | सोमवार, दुपारी २:१२

मास्तर, पायऱ्यांचं कसं ओळखलंत!! अगदी तीनच काढल्या बसेनात म्हणून. आणि विटांचं बोलाच, ऐकायला बसलोय.

मास्तर_निवृत्त | सोमवार, रात्री ९:००

मग ऐका. तुम्ही वाड्याची यादी केली आहे. कौले इतकी, विटा इतक्या, खिडक्या चार. त्या बोळात उभे राहिल्यावर तुम्हाला विटा दिसतात का? आधी दिसते ती एक मोठी उजळ भिंत, तिच्या डोक्यावर पागोळीखालचा काळोखा पट्टा, आणि खाली दगडाचा गडद तुकडा. डोळे बारीक करून पाहा, वाडा तीनच आकारांचा आहे. ते तीन नीट पडले तर विटा नसल्या तरी चालतात. ते नाही पडले तर विटा मोजूनही काही होत नाही.

शाळेत मुलांना सांगायचो, दहा कौले काढा, बाकीची बघणारा काढेल.

माहेरवाशीण_पुणे | सोमवार, रात्री ९:४०

मास्तर तुमचं पटतंय पण थोडं माझंही ऐका. आमचा वाडा गावातच तिवंध्याजवळ होता, २०१६ च्या ऑगस्टमधे तो मोठा पूर आला ना, त्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि पुढच्या वर्षी उतरवला. आज माझ्याकडे त्याचे जे फोटो आहेत ते सगळे लग्नामुंजीचे, म्हणजे माणसं पुढे आणि वाडा मागे कुठेतरी. मला तर कोणी खिडकी न खिडकी काढून दिली असती तर पाया पडले असते. कला वगैरे ठीक आहे हो, पण हे उतरणारं घर आहे. त्यांच्या आत्या मोजतायत त्या उगाच नाही.

मास्तर_निवृत्त | सोमवार, रात्री १०:१५

ताई, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण मग मोजमापे घेऊन पेनाने नकाशा काढा, दर्शनी भागाचा, पट्टी लावून. ते कामही करावेच, मी हसण्यावारी नेत नाही. फक्त ते काम जलरंगाच्या गळ्यात घालू नका. त्याला ते झेपत नाही.

चिवडा_तिखट | मंगळवार, सकाळी ११:२०

विजेचा खांब आणि वायरी काढायच्या की गाळायच्या? फोटोत चांगल्या डझनभर वायरी आहेत.

सिडकोकर | मंगळवार, सकाळी ११:२६

गाळा. घाण दिसते.

माहेरवाशीण_पुणे | मंगळवार, सकाळी ११:५८

वायरींशिवाय गावातला बोळ? मग ते पेशवाईतलं चित्र होईल, आपल्या आयुष्यातलं नाही. आणि पार्क केलेली अ‍ॅक्टिवा पण हवी.

ओला_कागद | मंगळवार, दुपारी ३:१०

खांब ठेवा, तो उभी रेघ देतो आणि चढ किती आहे ते त्याच्यामुळे कळतं. वायरी दोन-तीनच, त्याही रिगर ब्रशने (लांब, बारीक केसांचा) एका दमात, हात थांबवायचा नाही, मधे तुटली तर तुटू द्या.

रंगांचं सांगतो. तुमच्या चित्रातल्या सगळ्या सावल्यांत काळी ट्यूब आहे, नाही म्हणू नका. ती आधी डब्याबाहेर काढा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे दोनच घ्या, बरोबरीने मिसळले तर राखाडी, जाड घेतले तर जवळजवळ काळा, निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की गरम. जोत्याचा आपला काळा दगड याच्यातच होतो, आणि अल्ट्रामरीनचे कण एकमेकांना धरून कागदाच्या खळग्यात जाऊन बसतात, त्यामुळे दगडाचा खरखरीतपणा फुकटात मिळतो. लाकूड तपकिरी रंगवू नका. नवं सागवान तपकिरी असतं, शंभर पावसाळे खाल्लेलं राखाडी असतं, नुसती सिएनाची झाक. भिंतीला यलो ऑकर भरपूर पाण्यात. आणि ओलं असताना रंग जेवढा गडद वाटतो तेवढा वाळल्यावर राहत नाही, म्हणून सावली टाकताना जरा भीती वाटेल इतकी गडद टाका.

पांढरा रंग नको. पांढरं म्हणजे कागद.

गावातला | मंगळवार, रात्री ११:३०

काळी ट्यूब आहे. अर्धी संपली पण आहे. रविवारी जातोय.

मास्तर_निवृत्त | बुधवार, सकाळी ६:४५

रविवारपर्यंत हात मोकळा करून घ्या. दोन दिवस सकाळी पंचवटीच्या बाजूला घाटावर बसा. रामकुंडापाशी गंगा दक्षिणेला वळते, त्यामुळे सकाळचे ऊन पलीकडच्या गावाच्या बाजूवर समोरून पडते आणि संध्याकाळी तीच बाजू सावलीत जाऊन तिची नुसती आकृती उरते. तीच जागा, दोन वेळा, पोस्टकार्डाएवढे चित्र, प्रत्येकी वीस मिनिटे, एकच रंग. नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती धरा मधे, तो सोपा आहे. आज मात्र नको, बुधवारचा बाजार असतो, बसायला जागा मिळणार नाही.

नाशकात जलरंग शिकायला लांब जावे लागत नाही. शिवाजी तुपे इथलेच, प्रफुल्ल सावंत इथलेच. त्यांची चित्रे मिळतील तिथे पाहा, आणि विटा किती काढल्यात ते मोजा.

चिवडा_तिखट | बुधवार, सकाळी ९:०२

मास्तरांनी विटा काही सोडल्या नाहीत

गावातला | रविवार, संध्याकाळी ७:१५

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, मोठं होणार आहे.

सकाळी आठला पोचलो. समोरचा वाडा दोन पावसाळ्यांपूर्वी पडला त्याची मोकळी जागा आहे, राडारोडा तसाच, एरंड वाढलाय, त्याच्या खालच्या कोपऱ्यावर स्टूल टाकलं. तिथून वाडा तिरका आणि बोळ वर चढत गेलेला दिसतो. आठला वाड्यावर फक्त कौलांच्या कडेला ऊन होतं. मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे नजरेची पातळी आधी आखली, ती माझ्या बसण्याच्या उंचीला जोत्याच्या पोटात कुठेतरी येत होती. एवढी एक रेघ आल्यावर जोतं आपोआप पाचरीसारखं झालं, पाच पायऱ्या इकडे, एक तिकडे, बसल्या बरोबर. तीन रविवार मी काय करत होतो मग.

पट्टी घेऊन गेलो होतो. शेजारचा एक सात-आठ वर्षांचा पोरगा येऊन उभा राहिला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, काका तुम्ही सरळ काढताय पण तो वाकडा आहे. बघितलं तर खरंच. कौलांची वरची रेघ मधे खचलीय, चांगली वीतभर, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यासारखी. चाळीस वर्षं बघतोय मी तो वाडा. फोटोतही असणारच ती, पण मी पट्टी लावून सरळ केली होती. पट्टी पिशवीत टाकली. पोरगा मग माझा मॅनेजर झाला, नळावरून पाणी आणून दिलं, गर्दी हटवली, "काका माझं पण घर काढणार आहेत" असं चौघांना सांगितलं.

साडेनवाला ऊन खाली उतरलं. काय झालं ते लिहिता येत नाहीये नीट. तोपर्यंत भिंत करड्या रंगाची सपाट होती, आणि एकदम पागोळीची सावली तिरकी पडली, प्रत्येक वाशाच्या टोकाचं एकेक दात भिंतीवर उमटलं, गॅलरी पुढे आली, दिंडी दरवाजा मागे गेला. मी पटकन पेन्सिलने सावलीची कड आखली आणि वेळ लिहिली, ९:३५. कारण सूर्य तासाला १५ अंश सरकतो म्हणतात, ते नुसतं पुस्तकात वाचलं होतं, दहाला बघतो तर ती सावली खिडकीच्या चौकटीवरून पार गेलेली. मी मात्र नऊ पस्तीसच धरून ठेवले.

पहिला वॉश, आकाश ते भिंत एकाच दमात, ऑकर खाली येताना थोडा लाइट रेड. ओटा आणि वरच्या तीन पायऱ्या कोऱ्या सोडल्या, तिथे डोळे दिपत होते. मग पंधरा मिनिटं नुसता बसलो, वाळायची वाट बघत. हे सगळ्यात अवघड गेलं खरं सांगतो, हात शिवशिवत होते. मग सावली. कोबाल्टमधे लाइट रेड, बारा नंबरचा राउंड ब्रश भरून घेतला आणि डावीकडून पागोळीखालून सुरुवात केली, दरवाजा, खिडक्या, खांब काही वेगळं केलं नाही, सगळं एका सावलीत ओढत नेलं. ब्रशच्या पुढे रंगाचा थेंब धरून तो हळूहळू खाली उतरवायचा. मधेच ओट्यावरचं ऊन परतून छपराच्या पोटाला लागलेलं दिसलं, तिथे ओल्यातच थोडी सिएना सोडली, ती आपली आपण पसरली. एवढं मी आयुष्यात कधी केलेलं नाही, ते त्या पाण्याने केलं.

गडबड एकच. जोतं अर्धवट ओलं असताना घाईने पाणीदार ब्रश टेकवला आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलला. पुसायला गेलो तर पोरगा म्हणाला, ओल आली ना तिथे, खरी पण येते. ठेवला तसाच.

विटा अकरा काढल्या मास्तर. मोजून.

खिडक्या... वरच्या मजल्यावर दोन दिसतायत, बाकीच्या सावलीत आहेत. आत्या काय म्हणते बघू.

ओला_कागद | रविवार, रात्री ८:२०

अरे बाबा!! हे त्याच माणसाचं चित्र आहे? पायऱ्यांवरचा कोरा कागद जाळतोय अक्षरशः. आकाशाची उजवी बाजू जरा कच्ची वाटते आणि खांब दोनदा काढलाय, दुसऱ्यांदा नसता चालवला हात तर बरं. पण ते जाऊ दे.

सिडकोकर | रविवार, रात्री ८:४४

फिल्टरचं मागे घेतो.

माहेरवाशीण_पुणे | रविवार, रात्री ९:३०

मी सकाळपासून तीनदा उघडून बघितला असता हा धागा, आत्ता पहिल्यांदाच बघतेय म्हणून राग येतोय. नकाशाचं पण मनावर घ्या, मास्तर म्हणाले ते. दाराच्या चौकटीची, देवळ्यांची मापं घेऊन ठेवा. अ‍ॅक्टिवा नाही काढलीत ते नोंदवून ठेवतेय.

मास्तर_निवृत्त | सोमवार, सकाळी ७:००

अकरातल्या सात विटा चालल्या असत्या. सावली उत्तम. तो डाग पुसला नाहीत हे त्याहून उत्तम, त्या मुलाला ब्रश आणि रंगपेटी घेऊन द्या.

गावातला | मंगळवार, रात्री १०:१०

रंगपेटी दिली. त्याने पहिलं चित्र अ‍ॅक्टिवाचं काढलं, ताईंना सांगा.

आत्याला फोटो पाठवला होता, आज फोन आला. मला वाटलं खिडक्यांवरून सुरुवात होणार. बराच वेळ गप्पच होती, मग म्हणाली, किती वाजताचं काढलंस रे? मी म्हटलं साडेनऊ. म्हणाली, आपल्या ओट्यावर साडेनवाला ऊन कसं? आमच्या वेळी बारा वाजेपर्यंत ओट्यावर ऊन नसायचं, कुरडया वाळत घालायला आम्ही वर पत्र्यावर न्यायचो, आई ओरडायची पत्रा वाजतो म्हणून. मग परत गप्प, आणि मग म्हणाली, समोरचा वाडा पडला का?

तिची गुडघ्यांमुळे सहा वर्षं नाशिकला फेरी नाही. समोरच्या वाड्यात तिची मैत्रीण होती शाळेतली. तिला कोणी कळवलंच नव्हतं.

हे चित्र तिला पाठवतोय, इंदूरला जाणारं माणूस आहे शनिवारी.

मास्तर_निवृत्त | मंगळवार, रात्री १०:३५

गुंडाळून पाठवू नका, दोन पुठ्ठ्यांत सपाट घाला. आणि तिथे फ्रेम करणाऱ्याला सांगा, काच कागदाला टेकता कामा नये, मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) हवा, नाहीतर ओल धरते. समोरून ऊन येईल त्या भिंतीवर लावू नका म्हणावे.